शर्यतीपलीकडचे बेट : खारदांड्याहून दुचाकीवर साष्टी

१/ शनिवारी मध्यरात्रीनंतर वांद्रे रेक्लमेशनवर आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावर दुचाक्यांच्या बेकायदा शर्यती लागतात. पोलीस नाकाबंदी करतात, गाड्या जप्त होतात, आणि मधूनच एखादा तरुण जीव गमावतो. या विषयावरील चर्चा कायदा आणि शिस्त यांपुढे सहसा जात नाही. या धाग्यात मला इतिहासाच्या बाजूने एक मत मांडायचे आहे : या शर्यती ज्या भूमीवर होतात ते एक बेट आहे, आणि ते बेट पाहण्यासाठी दुचाकीसारखे दुसरे वाहन नाही.

२/ त्या बेटाचे नाव साष्टी. दक्षिणेस माहीमची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस उल्हास नदी आणि वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र. मुंबईची उपनगरे, ठाणे शहराचा मोठा भाग आणि मिरा-भाईंदर हे सारे याच बेटावर वसले आहे. षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावे, यावरून हे नाव आले असे मानतात. गोव्यातील सासष्टीच्या नावाचा अर्थही हाच.

३/ शाळेत आपण ‘सात बेटांची मुंबई’ पाठ करतो : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. या यादीत खारदांडा नाही, अंधेरी नाही, बोरिवली नाही, मुलुंड नाही, घाटकोपर नाही. आज मुंबईकरांपैकी बहुसंख्य लोक उपनगरांत राहतात. म्हणजे बहुसंख्य मुंबईकर आपल्या शहराचा म्हणून जो इतिहास शिकतात, तो खाडीपलीकडच्या जमिनीचा असतो.

४/ याचे प्रशासकीय कारण आहे. वांद्रे, खार, अंधेरी हा पट्टा महानगरपालिकेच्या हद्दीत आला १९५० मध्ये. दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा भाग १९५७ मध्ये. त्यापूर्वी हा मुलूख शहराच्या हद्दीबाहेर होता. ‘शहर झाले तेव्हा इतिहास सुरू झाला’ ही समजूत त्यातून रूढ झाली. वस्तुतः मुंबई बेटाला महत्त्व येण्याच्या कितीतरी शतके आधी याच बेटावर कान्हेरीची लेणी कोरली जात होती.

५/ आता थोडे दूर जाऊ. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात ‘आइल ऑफ मॅन’ नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे साष्टीपेक्षा किंचित लहान; लोकसंख्या लाखाच्या आत. दुचाकीप्रेमींना हे बेट ‘टीटी’ अर्थात टूरिस्ट ट्रॉफी या शर्यतीमुळे ठाऊक असते. ही शर्यत १९०७ मध्ये सुरू झाली, आणि आजही ती गावागावांतून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवर होते.

६/ शर्यत तिथेच का? कारण राजकीय इतिहासात आहे. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने वेगमर्यादा ताशी २० मैल होती आणि सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठी बंद करण्यास मान्यता नव्हती. मॅन बेटाची स्वतःची विधिसभा आहे, तिचे नाव टिनवाल्ड. तिने १९०४ मध्ये कायदा करून रस्ते बंद ठेवण्यास परवानगी दिली. म्हणजे जगातील या प्रसिद्ध शर्यतीचे मूळ एका छोट्या बेटाच्या स्वायत्ततेत आहे.

७/ पहिली शर्यत सेंट जॉन्स या गावातून सुटली. त्याच गावात टिनवाल्डची पायऱ्यापायऱ्यांची हिरवी टेकडी आहे. दरवर्षी जुलैच्या आरंभी तिथे विधिसभा उघड्यावर भरते आणि नवे कायदे लोकांना वाचून दाखवले जातात. ही परंपरा हजार वर्षांहून जुनी असल्याचे बेटवासी अभिमानाने सांगतात. त्याच गावात मँक्स भाषेतून शिकवणारी प्राथमिक शाळाही आहे. ही भाषा जन्मभाषा म्हणून बोलणारे शेवटचे गृहस्थ, नेड मॅड्रेल, १९७४ मध्ये वारले. त्यानंतर ती प्रयत्नपूर्वक पुन्हा उभी केली गेली.

८/ शर्यतीला गेलेला जिज्ञासू प्रवासी मधल्या रिकाम्या दिवशी हे सारे पाहतो. कॅसलटाउनचा रशेन किल्ला, पीलचा समुद्रातला किल्ला, खाणीतले पाणी उपसण्यासाठी १८५४ मध्ये उभारलेले लॅक्सीचे २२ मीटर व्यासाचे पाणचक्र. मी त्या शर्यतीचे गोडवे गात नाही. तिथल्या डोंगरी मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्पर्धकांचा मृत्यू झाला आहे. मुद्दा असा की त्या बेटाला शर्यतीपलीकडे स्वतःची ओळख आहे, आणि तिथला माणूस ती पाहुण्याला दाखवतो.

९/ आपल्याकडे शर्यत आहे, बेट आहे, किल्ले आहेत, बोली आहेत. नाही ती ‘आपण बेटावर राहतो’ ही जाणीव. ती कशी हरवली?

१०/ पुलांनी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, शीवचा बांध झाला. १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १,५७,००० रुपये दिले, कारण तरीने खाडी ओलांडताना माणसे बुडत. १८५३ मध्ये आगगाडी ठाण्यापर्यंत धावली. या प्रत्येक कामाने माणसांची सोय झाली, आणि प्रत्येकाने खाडीची आठवण थोडी पुसली.

११/ आता एक गमतीची गोष्ट. वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९), अटल सेतू (२०२४) आणि किनारी रस्ता (२०२४) या तिन्हींवर दुचाकींना मनाई आहे. दुचाकीस्वारांना हा अन्याय वाटतो आणि त्यावर वाद जरूर व्हावा. पण या मनाईमुळे एक घडले : मोटार पाण्यावरून उडून जाते, दुचाकीला मात्र जुन्या वाटेने, गावठाणातून, आणि वर्सोव्याला तर चक्क बोटीत बसून जावे लागते. बेट पाहण्याचा हा जुना मार्ग तिच्यासाठीच शिल्लक राहिला आहे.

१२/ चला तर, खारदांड्यापासून निघू. नाव पाहा. ‘खार’ म्हणजे भरतीच्या पाण्याने खारावलेली जमीन. बांध घालून अशी जमीन लागवडीखाली आणण्याची रीत कोकण किनाऱ्यावर जुनी आहे, आणि ‘खारभूमी’ हा शब्द सरकारी कागदांत आजही आहे. ‘दांडा’ हा शब्द केळवे-दांडा, दंडा-राजपुरी अशा किनाऱ्यावरच्या इतर नावांतही भेटतो. हा कोळीवाडा आहे. जवळच चुईम हे ईस्ट इंडियन समाजाचे जुने गावठाण आहे. उंच इमारतींच्या मधोमध ही दोन्ही गावे उभी आहेत.

१३/ उत्तरेकडे वळण्याआधी थोडे दक्षिणेस, वांद्र्याच्या टोकाला जाऊ. तिथे १६४० चा पोर्तुगीज किल्ला आहे, कास्तेला द आग्वादा. आग्वादा म्हणजे जहाजांनी गोडे पाणी भरून घेण्याची जागा. समोर माहीमचा किल्ला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील ही बेटे पोर्तुगीजांना दिली होती. १६६५ मध्ये इंग्रजांच्या हाती मुंबई आली, पण साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली.

१४/ म्हणजे १६६५ पासून माहीमची खाडी ही दोन युरोपीय सत्तांमधील सरहद्द होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीत मुसंडी मारली आणि लवकरच ती मराठे आणि इंग्रज यांच्यातील सरहद्द झाली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. शंभराहून अधिक वर्षे इथे एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे. रात्रीच्या शर्यतींचे रेक्लमेशन याच खाडीच्या तोंडाशी भर घालून तयार झाले आहे.

१५/ आता उत्तरेकडे, जुहूला. जुहूचे विमानतळ १९२८ चे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले. त्याआधी दोन वर्षे, १९३० च्या मीठ सत्याग्रहात, विलेपार्ल्याला जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची छावणी होती आणि जुहूच्या किनाऱ्यावर मीठ तयार केले जात होते. बेटाच्या खाऱ्या पाण्याने राजकीय इतिहास घडवला तो असा.

१६/ पुढे वर्सोवा, कोळ्यांच्या बोलीत वेसावे. डोलजाळ्यांची आणि बोंबलांची ही मोठी वस्ती. इथून मढला जाणाऱ्या फेरीबोटीत दुचाकी चढवता येते. काही मिनिटांत पलीकडे. रस्त्याने गेल्यास मालाड-मार्वेमार्गे वीसेक किलोमीटरचा वळसा. गाडीचे यंत्र बंद, पायांखाली पाणी, शेजारी टोपली घेतलेली कोळीण : आपण बेटावर आहोत हे एका क्षणात कळते. या खाडीवर पूल बांधण्याची महापालिकेची योजना आहे. पूल होईल तेव्हा होईल. तोवर ही बोट चुकवू नका.

१७/ मढच्या टोकावर वेसाव्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी खाडीच्या मुखावर पहारा ठेवण्यासाठी तो बांधला. १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. आज तो भारतीय हवाई दलाच्या ताब्यात असल्याने परवानगीवाचून आत जाता येत नाही. बाहेरून तटबंदी पाहावी आणि समोर वेसावे बंदरात शिरणाऱ्या नौका पाहाव्यात. किल्ला नेमका इथेच का, याचे उत्तर त्या नौकांची वाट देते.

१८/ मढहून एरंगळ. समुद्राला खेटून सेंट बोनाव्हेंचरचे चर्च आहे, परंपरेने १५७५ चे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी इथे मोठी जत्रा भरते आणि साऱ्या साष्टीतून कोळी आणि ईस्ट इंडियन लोक येतात. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव या समाजाने १८८७ मध्ये घेतले. त्याआधीही ते इथलेच होते आणि मराठीच्या बोली बोलत होते. गोव्याहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली वेगळी ओळख सांगण्यासाठी ते नाव घेतले गेले.

१९/ इथे थोडे थांबून बोलले पाहिजे. आपल्यापैकी अनेक जण पोर्तुगीज सत्तेखालील सक्तीचा आणि धर्मांतराचा इतिहास वाचतात आणि चर्च दिसताच गाडी पुढे काढतात. तो इतिहास कटू आहे आणि तो झाकू नये. पण ज्यांच्यावर तो गुदरला त्यांचीच ही लेकरे. त्यांच्या लग्नातल्या गाण्यांत, शेतीच्या आणि जाळ्यांच्या शब्दांत जुनी साष्टी टिकली आहे. किल्ला आपला आणि चर्च परक्याचे, अशी वाटणी केली तर या बेटाचा अर्धा इतिहास आपणच फेकून देतो.

२०/ एरंगळहून मार्वे, तिथून पुन्हा फेरीबोट आणि मनोरी. मनोरी, गोराई, उत्तन हा पट्टा ‘धारावी बेट’ म्हणून ओळखला जातो; मध्य मुंबईतील धारावीशी घोटाळा करू नये. गोराईला विपश्यनेचा भव्य पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. मधल्या खांबांवाचून तोललेला त्याचा दगडी घुमट पाहताना कान्हेरीची आठवण होते. बौद्ध धर्म या बेटांना नवा नाही. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि तिथे अकराव्या शतकातील पारशी यात्रेकरूंचे पहलवी लेखही कोरलेले आहेत.

२१/ शेवटी उत्तनजवळ, चौक गावी, धारावीचा किल्ला. अवशेष थोडे, पण जागा पाहा. खाली वसईच्या खाडीचे मुख, पलीकडे वसई. वसईच्या कोटाला समुद्रातून मिळणारी रसद तोडायची तर ही टेकडी हाती हवी. म्हणूनच १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत तिच्यासाठी झुंज झाली. १७३९ मध्ये मराठ्यांनी धारावी घेतली आणि त्याच मे महिन्यात वसई चिमाजी आप्पांच्या हाती आली.

२२/ वसईच्या मोहिमेचे वर्णन आपण पुस्तकात वाचतो तेव्हा ती एका किल्ल्याची लढाई वाटते. दांड्यापासून इथवर दुचाकीने आल्यावर कळते की ती साऱ्या बेटाची मोहीम होती. ठाणे घेतले की पूर्वेची वाट बंद, वेसावे घेतले की पश्चिमेची खाडी बंद, धारावी घेतली की वसईचा गळा आवळला. हे नकाशावर तासभर बोट फिरवूनही इतके स्पष्ट होत नाही. पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा पुढे महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच.

२३/ आता आक्षेपांकडे येऊ. पहिला : शर्यत लावणाऱ्या मुलाला किल्ल्यांत काय रस? मला हा आक्षेप त्या मुलांना कमी लेखणारा वाटतो. आपल्या गाडीचा एकेक सुटा भाग ज्याला तोंडपाठ आहे, त्याची जिज्ञासा मेलेली नसते. त्याला हे बेट कोणी दाखवलेले नसते, इतकेच. पाठ्यपुस्तकाने त्याच्या वस्तीला इतिहासच दिला नाही. मग त्याच्यासाठी रस्ता म्हणजे फक्त लांबी उरली तर दोष त्याचा एकट्याचा नाही.

२४/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : आधीच शनिवार-रविवारी मढ आणि गोराईला गर्दी, गोंगाट, कचरा, त्यात आणखी दुचाक्या कशाला? हे खरे आहे. म्हणून अटी पाळाव्यात. सायलेन्सर बदललेली गाडी गावात नेऊ नये. मासे वाळत घातलेल्या जागेवर गाडी लावू नये. कोणाचेही छायाचित्र विचारल्यावाचून काढू नये. जेवावे तर गावातल्याच खानावळीत. पाहुणा म्हणून जाणारा आणि मोकळे मैदान समजून जाणारा, यांतला फरक गावाला लगेच कळतो.

२५/ आणि हा सारा खटाटोप कशासाठी? खारदांड्यासमोरच्या समुद्रात आज वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे काम चालू आहे. या सेतूमुळे मासेमारीच्या जागांवर आणि नौकांच्या वाटांवर परिणाम होतो, असे किनाऱ्यावरचे कोळीवाडे सांगत आले आहेत. सेतू हवा की नको, हा वाद मी या धाग्यात सोडवू शकत नाही. पण त्या वादात कोळीवाड्याचे म्हणणे कोण ऐकणार, हे इतिहासाच्या आकलनावर अवलंबून आहे.

२६/ ज्या जागेला इतिहास नाही असे लोक मानतात, ती विकास आराखड्यात ‘रिकामी’ ठरते. कोळीवाडा म्हणजे समुद्राकाठची गलिच्छ वस्ती, अशी ज्याची समजूत आहे त्याला तिचे हलणे क्षुल्लक वाटेल. कोळीवाडा म्हणजे पोर्तुगीज, मराठे, इंग्रज या तिन्ही राजवटी पाहिलेले गाव, हे ज्याला ठाऊक आहे तो निदान प्रश्न विचारेल. मला असे प्रश्न विचारणारे लोक या बेटावर वाढायला हवे आहेत.

२७/ म्हणून माझ्या तीन सूचना. एक : उपनगरांतील शाळांनी ‘सात बेटां’बरोबर साष्टीही शिकवावी. दोन : धारावी आणि वेसावे या किल्ल्यांजवळ मोहिमेचा नकाशा असलेला साधा मराठी फलक लागावा, हवाई दलाच्या संमतीने वर्षातून एखादा दिवस वेसाव्याचा किल्ला जिज्ञासूंना खुला व्हावा. तीन : दुचाकीस्वारांच्या मंडळांनी वर्षाकाठी एक फेरी अशी काढावी की जिथे पहिला कोण आला याची नोंद होणार नाही, कोणी काय पाहिले याची होईल.

२८/ प्रवासाविषयी : पहाटे निघा, ओहोटी-भरतीची वेळ पाहून घ्या, पावसाळ्यात फेरीबोट चालू आहे की नाही ते आधी विचारा, शिरस्त्राण दोघांनीही घाला. परतीला उत्तनहून भाईंदरमार्गे या. कान्हेरी, मंडपेश्वर, महाकाली, जोगेश्वरी ही बेटाच्या पोटातली लेणी एका दिवसात बसणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा धागा लिहीन.

२९/ तोवर एक काम तुमच्याकडे. साष्टीच्या सहासष्ट गावांपैकी कित्येकांची नावे आज फक्त बसथांब्यांवर, जुन्या सातबाऱ्यांवर आणि आजीच्या बोलण्यात उरली आहेत. तुम्ही बेटावर जिथे राहता त्या जागेचे जुने नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि या धाग्याखाली लिहा. सोबत पाखाडी, तळे, विहीर, क्रूस, देऊळ, बंदर यांपैकी काय होते तेही लिहा. पुढच्या फेरीचा नकाशा त्यावरूनच आखू.